पाचवी खेप

इंदूरच्या रामबागेतील त्या जुन्या घराच्या भिंतीवर २०२४ सालची दिनदर्शिका टांगलेली होती आणि तिच्यातील तीन तारखांभोवती लाल शाईची वर्तुळे होती. ८ एप्रिल, २३ एप्रिल आणि १० मे. पहिली तारीख गाण्याची आणि तिसरी लग्नाच्या वाढदिवसाची. ही दोन वर्तुळे नानांनी जानेवारीतच, पट्टी ठेवून काढावीत तशी रेखीव काढली होती. मधले वर्तुळ मागाहून आलेले होते. ते माईंच्या हातचे, थोडे वाकडे आणि घाईत काढलेले.

नाना दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले, माई शाळेतील नोकरीतून. मुलगा बंगळूरला, मुलगी पुण्याला. अशा घरातला उन्हाळा एरवी पन्हे, कैरीचे लोणचे आणि दुपारची झोप यांतच सरतो. होळकर, शिंदे आणि पवार यांच्या मागोमाग अठराव्या शतकात माळव्यात आलेली मराठी कुटुंबे आता पुरती माळव्याची झाली आहेत. त्यांच्या पंगतीत पुरणपोळीशेजारी दाल-बाफले सुखाने नांदतात आणि घरातली मुले आईशी मराठीत, भावाशी हिंदीत भांडतात. नाना-माईंचे घर असेच होते. दोघांचे लग्न १९८४ च्या अक्षय्य तृतीयेला देवासला, माईंच्या माहेरी झाले. त्या तिथीला चाळीस वर्षे पूर्ण होणार होती आणि मुलांनी मोठा समारंभ करण्याचा आग्रह धरला होता.

८ एप्रिल हा कुमार गंधर्वांचा जन्मदिवस. १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावी या गावी जन्मलेल्या या गायकाची जन्मशताब्दी त्या दिवशी पूर्ण होत होती. वर्षभर गावोगाव त्यांच्या स्मरणार्थ मैफली होत होत्या. त्या संध्याकाळी इंदुरात झालेल्या अशाच एका मैफलीला हे दोघे गेले. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता, घरी साखरेच्या गाठी आणायच्या राहिल्या होत्या, तरी माई शेवटपर्यंत उठल्या नाहीत. निर्गुणी भजन सुरू झाले तेव्हा त्यांनी डोळे मिटले. नानांचे लक्ष गाण्याकडे कमी आणि त्यांच्याकडे अधिक होते. गायक श्वास घेई तिथे माई श्वास घेत होत्या, तो थांबे तिथे थांबत होत्या.

कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले ते गाण्यासाठी नव्हे, तर जगण्यासाठी. त्यांना क्षयरोग झाला होता आणि माळव्याची कोरडी हवा मानवेल, असा वैद्यकीय सल्ला होता. चोविशीतला तो कीर्तिमान तरुण काही वर्षे अंथरुणावर पडून होता आणि गाणे बंद होते. खिडकीतून ऐकू येणारी माळवी लोकगीते, दारावरून जाणाऱ्या साधूंची भजने आणि पत्नी भानुमती यांची अहोरात्र शुश्रूषा, एवढाच त्यांचा संसार. १९४३ साली शोध लागलेले स्ट्रेप्टोमायसिन हे औषध त्यांना मिळाले आणि ते बरे झाले. पण एक फुप्फुस कायमचे अधू झाले होते. लांब पल्ल्याच्या तानांऐवजी छोटे, तीरासारखे सुटणारे स्वरसमूह आणि मधली बोलकी शांतता हे त्यांच्या गायकीचे वैशिष्ट्य ठरले, आणि त्याचा या अपुऱ्या श्वासाशी संबंध अनेक जाणकार जोडतात. अंथरुणावर ऐकलेल्या लोकधुनांतूनच पुढे त्यांचे नवे राग निघाले. देवास त्यांनी नंतर सोडले नाही. माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या ‘भानुकुल’ या घरातच १९९२ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले.

मैफलीहून परतताना रिक्षात माई म्हणाल्या, “अहो, आपण देवासला चालत जाऊ या.”

नाना हसले. रामबागेपासून देवासची टेकडी म्हणजे ३५-४० किलोमीटरची वाट. माई बासष्ट वर्षांच्या, नाना सहासष्टचे. पण दुसऱ्या दिवशी गुढी उभारून झाल्यावर माईंनी दिनदर्शिकेवर ते वाकडे वर्तुळ काढले, तेव्हा नानांना कळले की ही थट्टा नव्हती.

चालायचे ते नुसते चालायचे नाही, असे माईंचे म्हणणे होते. प्रत्येक किलोमीटरमागे कुणी पाच, कुणी पन्नास रुपये द्यावेत आणि त्या पैशांतून क्षयरुग्णांना शिधा मिळावा. सप्टेंबर २०२२ पासून देशात ‘निक्षय मित्र’ ही योजना चालू आहे. कोणीही नागरिक किंवा संस्था क्षयरुग्णांच्या पोषक आहाराची जबाबदारी किमान सहा महिने घेऊ शकते. तृणधान्य, डाळ, तेल, शेंगदाणे किंवा दुधाची भुकटी असा तो शिधा असतो. औषधे सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात आणि आहारासाठी सरकारकडून रुग्णाच्या खात्यात रक्कमही जमा होते. ती २०२४ च्या उन्हाळ्यात दरमहा ५०० रुपये होती आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून १००० रुपये झाली. तरीही ताट भरायला हातभार लागतोच, कारण हा रोग आणि भूक ही जुळी भावंडे आहेत. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रुग्णांच्या घरातील माणसांना पुरेसे अन्न पुरवले, तेव्हा त्यांच्यातील नव्या क्षयरोगाचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटलेले आढळले. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश एकट्या भारतात असताना, डाळ-तांदळालाही औषधाचे मोल येते.

शेजारी, नातेवाईक, जुने सहकारी यांच्याकडे नाना एक वही घेऊन जाऊ लागले. बहुतेकांनी आनंदाने आकडे घातले. एका शेजाऱ्याने मात्र रोकठोक विचारले, “भिया, पैसेच द्यायचे तर सरळ देऊन टाका. त्यासाठी पाय कशाला झिजवायचे?” प्रश्न चुकीचा नव्हता. पैशासाठी चालण्याची ही रीत परदेशी आहे असेही एकजण म्हणाला. ते मात्र अर्धेच खरे. १९५१ च्या एप्रिलमध्ये तेलंगणातील पोचमपल्लीला विनोबांना भूदान मिळाले आणि पुढे कित्येक वर्षे त्यांनी पायी हिंडूनच जमिनी मागितल्या. दारात चालत आलेल्या माणसाला नाही म्हणणे कठीण असते, एवढे तरी त्यातून दिसते. नानांनी शेजाऱ्याला यांपैकी काहीच सांगितले नाही. “हिची इच्छा आहे,” एवढेच ते म्हणाले. “आणि क्षयरोग्यांनाच का?” या पुढच्या प्रश्नावर त्यांनी वही मिटली.

उत्तर रामबागेत कोणालाच ठाऊक नव्हते. मुलांनाही नाही.

लग्नानंतर दोन वर्षांनी, १९८६ साली, माईंना खोकला सुरू झाला. संध्याकाळी बारीक ताप येई. क्ष-किरण चित्र काढल्यावर निदान झाले. पहिले दोन महिने रोज स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन आणि पुढे वर्षभर गोळ्या, असा त्या काळचा उपचार होता. औषधाने रोग बरा होतो हे डॉक्टरांनी सांगितले, घरात ते कोणाच्या कानी शिरले नाही. सासूबाईंनी माईंचे ताट, वाटी आणि पितळेचा पेला वेगळा केला आणि मोरीजवळच्या कोनाड्यात ठेवून दिला. भांड्यांतून हा रोग पसरत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या खोकल्यातून हवेत गेलेल्या जंतूंमुळे तो पसरतो. रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू शोधल्याचे १८८२ च्या २४ मार्चला जाहीर केले, त्यालाही तेव्हा शंभरावर वर्षे झाली होती. पण कोनाड्यातल्या पेल्याला हे कोण सांगणार? एप्रिलच्या एका दुपारी नानांनी माईंना एसटीत बसवले, देवासला त्यांच्या वडिलांच्या स्वाधीन केले आणि त्याच बसने ते परतले. शेजारपाजारी सांगितले गेले की सून शिक्षणशास्त्राची परीक्षा द्यायला माहेरी गेली आहे. माहेरी अंथरुणावर असताना माईंनी ती परीक्षा खरोखरच दिली. त्यामुळे ते खोटे अडतीस वर्षे टिकले.

माईंचे माहेर टेकडीच्याच बाजूला होते. वडील संध्याकाळी त्यांना हळूहळू फिरवून आणत आणि ‘भानुकुल’वरून जाताना थांबत. कधी आतून तंबोऱ्याचा आवाज येई, कधी येत नसे. “इथे राहणारा माणूस तुझ्याच आजारातून उठला आहे,” असे वडील दर वेळी सांगत, जणू पहिल्यांदाच सांगत आहेत.

वाट तीन पहाटांमध्ये विभागलेली होती. पहिली रामबाग ते मांगल्या, दुसरी मांगल्या ते शिप्रा आणि तिसरी शिप्रा ते देवास. तीन वाजता निघायचे, ऊन चढण्याआधी थांबायचे, बसने घरी यायचे आणि दुसऱ्या पहाटे तिथूनच पुढे चालू लागायचे. डॉक्टरांनी माईंची छाती तपासून एका अटीवर परवानगी दिली होती की धाप लागली तर हट्ट करायचा नाही. पुतण्या पाणी, ग्लुकोज आणि विजेरी घेऊन स्कूटरवर मागे होता. दोघांच्या पाठीवर अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या शिवलेल्या होत्या. त्या माईंनीच शिवल्या होत्या आणि नानांच्या पाठीवरची तिरकी गेली होती.

वाराणसीची सकाळ, लखनौची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, अशी वाखाणणी जुने लोक करत आले आहेत. दिवसा कितीही तापले तरी माळव्याच्या पठारावर रात्री गार वारा सुटतो. मुंबई-आग्रा महामार्गावर आता तो वारा मालमोटारींच्या धुरासकट येतो, हे खरे. पहिल्या पहाटे कारखान्यांचे दिवे आणि ढाब्यांवर झोपलेले चालक एवढेच सोबतीला होते. मांगल्याला पोहोचेपर्यंत नानांच्या डाव्या टाचेला फोड आला. माई मात्र ताठ होत्या. दुसऱ्या पहाटेविषयी सांगण्यासारखे काही नाही. पाय दुखत होते आणि दोघे फारसे बोलले नाहीत.

तिसरी पहाट २३ एप्रिलची, चैत्री पौर्णिमेची. शिप्रा गावाशी नदीवरच्या पुलावर दोघे आले तेव्हा चंद्र पाठीमागे पश्चिमेला उतरला होता आणि त्यांच्याच लांब सावल्या त्यांच्यापुढे चालत होत्या. नदी उन्हाळ्यात पूर्वी आटलेलीच असे. २०१४ पासून नर्मदेचे पाणी उपसून शिप्रेत सोडतात. नाना कठड्याशी थांबले.

“याच पुलावरून यायचो मी तेव्हा. दर महिन्याला,” ते म्हणाले.

“चार वेळा,” माई म्हणाल्या.

“काय चार वेळा?”

“तेरा महिन्यांत चार वेळा आलात. आषाढात एकदा, दिवाळीत एकदा, संक्रांतीनंतर एकदा आणि मला न्यायला आलात तेव्हा.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. शाळेत हजेरी घ्यावी तसा तो आवाज होता. नानांनी मनातल्या मनात महिने मोजून पाहिले. त्यांच्या आठवणीत बसची ती खिडकी, तो पूल, हातातला फळांचा पुडा इतक्या वेळा आला होता की दर महिन्याला गेलो, याविषयी त्यांना कधी शंकाच आली नव्हती. एकच प्रवास त्यांनी मनात अनेकदा केला होता. मालमोटारी गेल्या, पूल हादरला. बराच वेळ दोघे चालत राहिले.

“भीती वाटायची गं,” नाना म्हणाले.

“माझी?”

“आजाराची.”

“ठाऊक होते मला. तुम्ही दारातच बसायचात. बाबा आत बोलवायचे आणि तुम्ही म्हणायचात, इथे वारा बरा आहे.”

सूर्य उगवता उगवता देवासची टेकडी दिसू लागली. तिच्यावर तुळजाभवानी आणि चामुंडा, थोरली आणि धाकटी माताजी. या एवढ्याशा गावात पूर्वी पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन संस्थाने होती. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या महाराजांचे चिटणीस म्हणून इथे राहून गेले आणि पुढे त्यांनी ज्या पुस्तकात ते दिवस लिहिले, त्याचे नावही या टेकडीवरूनच ठेवले. त्या सकाळी हनुमान जयंती होती आणि गल्लोगल्लीच्या मारुतीपुढे घंटा वाजत होत्या. माईंचे माहेरचे घर आता राहिलेले नाही. त्या जागी तीन मजली इमारत आहे. दोघे तिच्यापुढे उभे राहिले. दार बंद होते आणि ते कोणाचे आहे हेही ठाऊक नव्हते. नाना त्या अनोळखी दाराच्या पायरीवर टेकले, बूट काढून फोड पाहू लागले.

“ही पाचवी खेप,” माई म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

१० मे रोजी अक्षय्य तृतीया होती. त्या वर्षी शुक्र आणि गुरू यांच्या अस्तामुळे मे-जूनमध्ये लग्नाचे मुहूर्त जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे मंडपवाला, आचारी आणि सतरंज्या एरवीच्या निम्म्या भावात मिळाल्या. चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नात याच गोष्टींसाठी माईंच्या वडिलांना कर्ज काढावे लागले होते, ही आठवण माईंनी आचाऱ्यालाही ऐकवली. निमंत्रणात आहेराऐवजी शिधा आणावा असे छापले होते. संध्याकाळपर्यंत ओसरीवर डाळीच्या, तांदळाच्या आणि शेंगदाण्यांच्या पिशव्यांची रास झाली. वहीतले पैसे आणि ही रास मिळून सहा रुग्णांची सहा महिन्यांची सोय झाली. दाल-बाफले आणि आमरसाच्या पंगती उठल्यावर अंगणात बैठक मांडली गेली.

गाणारी मुलगी पंचविशीची होती. तिने ध्वनिक्षेपक नको म्हटले. दोन तंबोरे, तबला, पेटी आणि साठ-सत्तर माणसे. घरच्या अंगणातले गाणे सभागृहातल्या गाण्यापेक्षा वेगळे असते. गाणाऱ्याचा घसा खाकरलेला ऐकू येतो, मागच्या रांगेतले मूल रडते आणि तरीही, किंवा त्यामुळेच, सूर अधिक जवळून लागतो. मुलगी तंबोरा जुळवत असताना नाना उभे राहिले. चार शब्द आभाराचे बोलतील असे सर्वांना वाटले. त्यांनी आधी माईंकडे पाहिले. माईंनी मान हलवली. तेव्हा नाना म्हणाले, “१९८६ साली हिला क्षय झाला होता. आम्ही हिचे भांडे वेगळे केले आणि मी हिला माहेरी सोडून आलो. ही बरी झाली ती हिच्या वडिलांमुळे. एवढेच सांगायचे होते.”

अंगण गप्प झाले. मुलगी आईकडे पाहत राहिली. पुढच्या रांगेतल्या एक वृद्ध आत्याबाई, ज्यांना त्या कोनाड्याची माहिती असणारच, पदराशी चाळा करू लागल्या. काय करावे हे न सुचून गाणाऱ्या मुलीने तंबोऱ्याच्या तारा पुन्हा एकदा छेडल्या. आधीच जुळलेल्या त्या तारा ती कितीतरी वेळ जुळवत राहिली, आणि मग तिने एक माळवी लोकगीत धरले. बाजाराला निघालेल्या बायकांचे, हलके, ठेक्याचे. हळूहळू लोक सावरले. रात्री उशिरा भजनाने बैठक संपली, तेव्हा पुण्याची मुलगी आईच्या मांडीवर डोके ठेवून जागीच होती.

शिधा रुग्णांपर्यंत आरोग्य केंद्रामार्फत जातो. रुग्णाची संमती असल्याशिवाय त्याचे नाव कोणाला सांगितले जात नाही, आणि त्या सहाजणांतल्या पाचांनी आपले नाव सांगू दिले नाही. जूनच्या अखेरीस, पहिला पाऊस होऊन गेल्यावर, आशा कार्यकर्तीचा निरोप आला की सहावी भेटायला तयार आहे. शहराच्या कडेच्या वस्तीत दोन खोल्यांचे घर होते. एकवीस-बावीस वर्षांची सून, उपचाराचा तिसरा महिना चालू, खोकला थांबलेला. सासू चुलीपाशी पाठमोरी बसली होती. माई आत जाऊन खाटेवर बसल्या. मुलीने पाणी आणण्यासाठी हात पुढे केला आणि तो फळीवरच्या भांड्यांपर्यंत जाऊन थबकला. खाली कोपऱ्यात एक पेला वेगळा उपडा ठेवलेला होता.

“त्यातच दे,” माई म्हणाल्या.

मुलीने सासूकडे पाहिले. मग तो पेला विसळून, भरून दिला. माईंनी तो संपवला आणि परत दिला. नाना उंबरठ्याबाहेर छत्री मिटत उभे होते. अंगावर पावसाचे थेंब येत होते, वारा चांगला होता. त्यांनी छत्री भिंतीला टेकवली, चपला काढल्या, आत येऊन खाटेवर माईंच्या शेजारी बसले आणि मुलीला म्हणाले, “मलाही दे गं पाणी. तोच पेला चालेल.”